आधी बेतायला शिका

मी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकची. आमचं घर शिंप्याचं. वडिलांनी आयुष्यभर गावात पायमशीन चालवलं आणि मी पुण्यात एका खासगी महाविद्यालयात फॅशन डिझाइन शिकवते. गावात कुणी विचारलं, "पोरगी काय करती?" तर वडील "कालेजात शिकवती" एवढंच सांगायचे. काय शिकवते, हे सांगायचं टाळायचे. कापड बेतायला आणि शिवायला शिकण्यासाठी कुणी लाखांनी फी भरून पुण्याला जातं, हे त्यांना चारचौघांत सांगवत नसे.

त्यांचा संकोच मला कळायचा. आमच्या शेजारीच, अवसरी खुर्दला, २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. राज्यभरातली पोरं तिथं येतात, खोल्या भाड्यानं घेऊन राहतात, इंजिनियर होऊन जातात. त्यामुळे इंजिनियरिंग म्हणजे काय, हे आमच्याकडच्या आईबापांना समजावून सांगावं लागत नाही. फॅशन डिझाइनचं तसं नाही. प्रवेशाच्या दिवसांत मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर या बाजूचे पालक आले की ऑफिसातून मला बोलावणं येतं. "मॅडम तुमच्याकडच्याच आहेत," असं सांगून त्यांना माझ्यासमोर बसवतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. नोकरी लागेल का? पोरगी मुंबईला तर जाणार नाही ना? हॉस्टेलला रात्री किती वाजता गेट बंद होतं? एकदा एका शेतकरी बापानं मात्र मुलगी बाहेर गेल्यावर हळूच विचारलं, "मॅडम, आयटीआयला शिवणकाम शिकवत्यात, त्याच्यात आन् ह्याच्यात फरक काय?"

इतका नेमका प्रश्न आमच्या व्यवस्थापनातल्या कुणी मला आजवर विचारलेला नाही. त्या दिवशी मी त्यांना जमेल तसं उत्तर दिलं. पुढचं सगळं त्याच उत्तराचा विस्तार आहे.

खासगी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर रॅम्पवरून चालणारी मुलगी असते. पहिल्या सहामाहीत मुलींच्या हाती येतो तो मांजरपाट. बिनधुवट, पिवळसर, खरखरीत कापड. महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी प्रत्येक बेत मांजरपाटात कातरून, टाचून, डमीवर चढवून पाहायचा, ही जगभरच्या फॅशन शाळांतली रीत आहे. खांद्याची शिवण मागे सरकते आहे का, मुंढा काचतो आहे का, पुढच्या टकचं टोक जिथं यायला हवं तिथंच येतं आहे का, हे कागदावरच्या चित्रात दिसत नाही. मांजरपाटात लगेच दिसतं. शहरातल्या चांगल्या शाळांतून आलेल्या मुलींची चित्रं सुरेख असतात. त्या नऊ डोकी उंचीची, लांब पायांची बाई झरझर काढतात. पण कापडाचा उभा धागा कुठला आणि आडवा कुठला, हे विचारलं की गप्प होतात.

अशा वेळी मागच्या बाकावरची एखादी मुलगी कापड दोन्ही हातांनी ताणून बघते. उभ्यात ताणते, आडव्यात ताणते, मग कोनात धरून ताणते आणि कोनात ते रबरासारखं सुटतं हे तिला ठाऊक असतं. गळ्याला उरेब पट्टी का लावतात, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. मी विचारते, "घरी मशीन आहे का गं?" ती मान खाली घालते. मग कळतं की आई गावात ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते आणि ही सातवी-आठवीपासून हुक लावायला, काज करायला बसते. ही माहिती ती वर्गात कधी स्वतःहून सांगत नाही. 'टेलरची मुलगी' हा शब्द तिला नको असतो. फॅशन शिकायला आल्यावर शिवणकाम मागे सुटेल, या आशेनंच ती आलेली असते.

ही लाज कुठून येते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. संत नामदेव शिंपी होते हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण गावगाड्यात शिंप्याला मोबदला धान्यात मिळाला काय किंवा पुढे नोटांत मिळाला काय, "जरा एवढं उसवून दे रे" म्हणणाऱ्याचा सूर बदलला नाही. घरच्या बाईनं शिवलं तर तिला मोबदला मागायचीच चोरी. त्यामुळे हातात कौशल्य असूनही त्याला भाव आहे हे मुलीला कधी दिसत नाही. महाविद्यालयात ती पहिल्यांदा ऐकते की पॅटर्न नीट काढणाऱ्या माणसाला कारखान्यात 'मास्टर' म्हणतात आणि त्याच्या शब्दाशिवाय हजार शर्टांचं कापड कातरलं जात नाही.

आंबेगाव-जुन्नरचं कापडाशी नातं तसं जुनं आहे, पण ते गिरणीतून आलेलं. घाटावरची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या कापड गिरण्यांत खपली. आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापड घेऊन निघालेल्या लॉरीपुढे ते आडवे झाले आणि तिच्याखाली गेले. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्यांचं नाव आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर किती तरी माणसं कायमची गावी परतली. त्यांतल्या म्हाताऱ्यांना मी लहानपणी पाहिलं आहे. वडिलांच्या दुकानात बसून ते गिऱ्हाइकानं आणलेलं कापड अंगठा आणि बोटात चोळायचे आणि सूत किती नंबरचं आहे, ते सांगायचे. आज तोच धडा मी वर्गात भिंगाखाली शिकवते. एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, मोजून वहीत लिहा. त्या म्हाताऱ्यांना कुणी 'टेक्स्टाइल एक्सपर्ट' म्हटलं नाही. गावी आल्यावर त्यांनी बैल राखले.

दुसऱ्या वर्षाला नैसर्गिक रंगांचा विषय असतो. त्याचं सामान कॉलेजला पाकिटातून येतं. एका पाकिटावर 'हरडा पावडर' असं छापलेलं होतं. मुली ती चमच्यानं मोजत होत्या. आहुप्याच्या बाजूनं आलेली एक मुलगी पाकिटाचा वास घेऊन म्हणाली, "मॅडम, हा तर आमचा हिरडा." भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी घरांना हिरड्याचा मोठा आधार असतो. कोवळा वाळवलेला बाळहिरडा औषधाला जातो, पिकलेला मोठा हिरडा कातडी कमावायला आणि रंगाला. तिच्या आजीनं उन्हात वाळवलेली फळं किलोच्या भावानं व्यापाऱ्याकडे गेली, आणि कुठूनशी फिरून, दळून, पाकिटात बसून, चौपट दामानं तिच्याच पुढ्यात आली होती.

मग त्या वर्गाचा नूर बदलला. हिरडा काय करतो, हे मी फळ्यावर लिहिण्याऐवजी कापडावर दाखवलं. सुती कापड आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातली खळ काढायची, कारण खळीच्या कापडावर रंग डाग डाग बसतो. मग ते हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं. वाळलं की साईसारखा पिवळट रंग चढतो. लोकर तुरटीला आपणहून धरते, तसं सूत धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन मधे असलं की धरतं. आता याच कापडाची एक पट्टी हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात बुडवली की बघता बघता ती राखाडी होते, मग काळपट. मुली ओरडल्याच. कलमकारीतली काळी रेघ याच हिरड्याच्या आणि लोखंडाच्या जोरावर उमटते. त्या आठवड्यात कुणी तरी मंचरच्या बाजार समितीतून कांद्याची सुकी टरफलं गोणीभर आणली. आमच्याकडे कांदा निवडला की टरफलांचे ढीग वाऱ्यावर उडतात, त्यांना कुणी विचारत नाही. कापडाच्या वजनाइतकी टरफलं तासभर उकळली आणि हिरडा-तुरटी लावलेलं कापड त्यात सोडलं तर सोनेरी रंग येतो. हिराकस लावली की तोच रंग शेवाळी होतो. हळदीचा पिवळा याहून झगझगीत दिसतो, पण उन्हात उडतो. टरफलांचा त्या मानानं टिकतो. दसऱ्याला भाव पडला की रस्त्याकडेला ओतून दिलेला झेंडूही असाच कामी येतो. हिरडा, कांदा, झेंडू, तिन्ही आमच्या दोन तालुक्यांतले. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात त्यांची नावं इंग्रजीत आहेत एवढंच.

माझ्या नोकरीतला सगळ्यात मोलाचा धडा मात्र मला एका विद्यार्थिनीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पानं दिला. विषय तिनंच निवडला होता: शेतात राबणाऱ्या बायकांचा शर्ट.

आमच्याकडे कांदा लागणीच्या दिवसांत कुठल्याही वावरात बघा. साडीवर नवऱ्याचा किंवा पोराचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल किंवा स्कार्फ, अशा बायका ओळीनं वाकलेल्या दिसतात. ऊन, चिखल, फवारणीचं औषध, उसाच्या पातीची कुसळं, सगळ्याला तो शर्ट आडवा येतो. महाराष्ट्रात लाखो बायका हे वस्त्र रोज अंगात घालतात आणि ते त्यांच्यासाठी कुणी बेतलेलं नाही. पुरुषाच्या मापाचा खांदा त्यांच्या दंडावर उतरतो. वाकलं की मागचा भाग वर चढतो. हात पुढे केला की बगलेत ओढतं.

पोरीनं पहिला नमुना आणला तो देखणा होता. फिकट आकाशी रंग, पाठीवर वारली चित्रांचं भरतकाम, कमरेला बाजूनं खिसे. आम्ही दोघी तो घेऊन अवसरीत आमच्या भावकीतल्या एका वावरावर गेलो. बायकांनी काम थांबवलं, शर्ट हातोहात फिरला. एक आत्या म्हणाल्या, "लई झ्याक हाय गं बाई. ह्ये घालून लग्नाला जायाचं का?" सगळ्या हसल्या. पोरगी कानकोंडी झाली, पण पळाली नाही. वही काढून बसली. आणि मग त्या बायकांनी तिला असं काही शिकवलं की मला वहीत लिहून घ्यावंसं वाटलं.

फिकट रंग नको, पहिल्याच दिवशी चिखलानं वाया जातो. कफाला बटण नको, चिखलाच्या हातानं ते लागत नाही, इलॅस्टिक पाहिजे. कमरेचा खिसा नको, वाकलं की त्यातली वस्तू पोटात रुतते किंवा पाण्यात पडते. खिसा डाव्या अंगाला आतून हवा, खोल, कारण त्यात मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात आणि तंबाखू-मिसरीची डबीही. कॉलर उभी राहील अशी ताठ हवी, मान उन्हात भाजते. मानेचा विषय निघाल्यावर एक जण म्हणाली, "वाघाचं बी हाय ना." आमच्या उसात बिबटे आहेत आणि वाकलेल्या माणसाच्या मानेवर ते झडप घालतात, हे जुन्नर-आंबेगावात कुणाला सांगावं लागत नाही. २०२५च्या अखेरीला तर शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडकडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागली. अंगावरच्या वस्तूनं जीव वाचवायचा, ही डिझाइनची सगळ्यात मूळ गरज. पण ती आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात नाही.

पोरगी परत गेली आणि तिनं बेत नव्यानं काढला. बगलेत कळी घातली. कळी म्हणजे मुंढ्याखाली बसवलेला चौकोनी तुकडा. त्यामुळे हात वर किंवा पुढे गेला तरी शर्ट जागचा हलत नाही. जुन्या अंगरख्यांत ती असायची, तयार शर्टांत कापड आणि मजुरी वाचवायला ती गेली. गडद रंगाचं मिश्र सुताचं कापड घेतलं, कारण ते लवकर वाळतं. हा दुसरा शर्ट बायकांना पसंत पडला. त्यांनी तो घालून लागणीच्या दोन सऱ्या काढल्या आणि हात वर करून दाखवले. मग भाव विचारला. कापड, शिलाई, इलॅस्टिक, दोरा धरून तीनशेच्या वर जात होता. आत्यांनी शर्ट घडी घालून परत दिला. म्हणाल्या, "आमच्या मालकांचा जुना फुकट हाय."

कुठल्याही बाजाराच्या अभ्यासात इतकं सरळ उत्तर मिळत नाही. तिच्या शर्टाची स्पर्धा कुठल्या कंपनीशी नव्हतीच. ती फुकटाशी होती आणि फुकटाला भाव पाडून हरवता येत नाही.

इथं तिच्यातली टेलरची मुलगी जागी झाली. तिची आई नारायणगावजवळच्या एका गावात शिवायची, हे तोवर तिनं मलाही सांगितलं नव्हतं. तिनं नवा शर्ट बाजूला ठेवला आणि आत्यांच्या मालकांचा जुना शर्टच मागून घेतला. पुरुषाचा शर्ट बाईला लांब होतो, म्हणून खालच्या घेराची वीतभराहून थोडी कमी पट्टी कापली. त्या पट्टीतून दोन्ही बगलांच्या कळ्या निघाल्या. कफ उसवून तिथं इलॅस्टिक ओवलं. छातीवरचा खिसा उसवून तोच आतून, डाव्या अंगाला, खोल करून लावला. खांद्याला एक चूण घेतली. नवं कापड शून्य. मशीनवर अर्धा-पाऊण तास. मजुरी साठ रुपये. पुढच्या खेपेला त्याच बायकांनी तिच्यापुढे शर्टांचा ढीग टाकला.

हा प्रकल्प तोंडी परीक्षेला गेला तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "इन्स्पिरेशन काय?" मूड बोर्डावर तिनं चिखलातल्या ओळीचा फोटो लावला होता. त्यांना तो 'रॉ' वाटला. शेवटच्या शोमध्ये हे कसं दिसेल, अशी चिंता त्यांनी बोलून दाखवली. गुण बेताचे मिळाले. त्याच वर्षी पाश्चात्त्य राजघराण्यांच्या पोशाखांवर बेतलेल्या, कुठलीही बाई पाच मिनिटांहून जास्त घालू शकणार नाही अशा झग्याला पहिला क्रमांक मिळाला. मुलीनं ते मनाला लावून घेतलं नाही. तिला आत्यांची पसंती जास्त खरी वाटली आणि तिचं बरोबर होतं.

मापांची गोष्ट इथं सांगायलाच हवी. आमच्या वर्गातल्या डमी परदेशी मापाच्या तक्त्यांवर बनलेल्या आहेत. आपल्याकडच्या तयार कपड्यांची मापंही बऱ्याच अंशी तिथूनच आली. म्हणून दुकानातला कुर्ता छातीला बसला तर खांद्याला लोंबतो आणि खांद्याला बसला तर दंडात अडकतो. भारतीय शरीरांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्ट या केंद्र सरकारच्या फॅशन संस्थेनं 'इंडिया साइज' नावाचं मोजणीचं काम हाती घेतलं, त्यात स्कॅनरनं हजारो माणसांची मापं घेतली गेली. काम मोलाचं आहे, पण मोजणीची केंद्रं शहरांत होती. डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईची मान, खुरप्यानं घडलेला तिचा उजवा दंड, हे मला आजही टेपनंच मोजावं लागतं. सुट्टीत गावी गेले की मी वहीत मापं लिहून घेते आणि वर्गात मुलींना त्या मापांचा ब्लाऊज बेतायला देते. डमीवर बसणारा ब्लाऊज या मापांना कधी बसत नाही. मुली कुरकुरतात, पण शिकतात.

खासगी महाविद्यालयाच्या आतल्या गोष्टीही पालकांना कळाव्यात. निफ्ट १९८६ साली केंद्र सरकारनं काढलं, तयार कपड्यांच्या उद्योगाला शिकलेली माणसं हवी होती म्हणून. पुण्यात महर्षी कर्व्यांच्या स्त्री शिक्षण संस्थेनंही फॅशनचं महाविद्यालय चालवलं आहे. अशा ठिकाणी कामाची शिस्त असते. पण मागणी वाढली तशी दोन मजले भाड्यानं घेऊन उघडलेली दुकानंही निघाली. मी आधी जिथं होते तिथं प्रवेशाच्या दिवसांत आम्हा शिक्षकांनाही फोन करायला बसवत. एका मशीनवर तिघी जणी आळीपाळीनं बसत आणि ओव्हरलॉक बंद पडलं की दुरुस्तीला महिना जाई. शो मात्र दरवर्षी हॉटेलात व्हायचा आणि त्याचे पैसे मुलींकडून वेगळे घेतले जायचे. एका बापानं त्या शोसाठी म्हैस विकल्याचं कळलं तेव्हा मी तिथून निघायचं ठरवलं.

मुलींना मी भानू अथैया यांच्याविषयी आवर्जून सांगते. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेली ही मराठी मुलगी जे.जे.त चित्रकला शिकली, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढता काढता कपडे बेतायला लागली आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर घेऊन आली. ऑस्कर मिळवणारी ती पहिली भारतीय. त्या चित्रपटात झगमगाट कुठं आहे? खादी आहे, धोतरं आहेत, मळलेल्या पगड्या आहेत, गर्दीतल्या माणसांचे कपडे आहेत. ते खरे वाटावेत म्हणून किती अभ्यास लागला असेल, याचा विचार करा, असं सांगितलं की वर्ग थोडा वेळ शांत असतो.

शिकून बाहेर पडलेल्या मुलींचं पुढे काय होतं, हेही पालकांना हवं असतं. फारच थोड्या रॅम्पपर्यंत पोचतात. काही निर्यातीच्या कंपन्यांत मर्चंडायझर होतात, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला हवा तो कपडा ठरल्या दिवशी, ठरल्या भावात तयार होईल हे बघतात. काही पॅटर्नच्या संगणकावर बसतात. आपल्याच जिल्ह्यात बारामतीला टेक्स्टाइल पार्क आहे, सोलापुरात गणवेशांचा मोठा धंदा आहे, तिथं चांगला पर्यवेक्षक कायम हवा असतो. आणि काही परत गावाकडे येतात. मंचर-नारायणगावात लग्नसराईत आरी वर्कच्या ब्लाऊजला आज हजारांत भाव मिळतो. नवऱ्या मुलीची आई साडीच्या भावावरून घासाघीस करते आणि ब्लाऊजला न बोलता पैसे मोजते. शिवलेल्या नऊवारीलाही मागणी आहे. नारायणगाव तर तमाशाची पंढरी. नाचताना न सुटणारी, घटकाभरात बदलता येणारी नऊवारी कशी शिवायची, ते तिथल्या जुन्या शिंप्यांकडून शिकावं. माझी शर्टवाली विद्यार्थिनी आता आईच्याच दुकानाच्या वरच्या खोलीत काम करते. आरीचे ब्लाऊज पोट भरतात. हंगामात जुन्या शर्टांना कळ्या लावण्याचं काम आई करते. दुकानाच्या पाटीवर तिनं 'बुटीक'च्या खाली 'टेलर' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे.

त्या शेतकरी बापाच्या प्रश्नाचं उत्तर मी आता असं देते. आयटीआयची मुलगी दिलेला बेत सफाईनं शिवते आणि ते काम कमी प्रतीचं नाही. आमच्याकडच्या मुलीला हा बेत असाच का, तो कुणाच्या अंगासाठी, कुठल्या कापडात, किती रुपयांत, हे सगळं ठरवता आलं पाहिजे. पण शिवता येत नसेल तर ठरवताही येत नाही. ज्या महाविद्यालयात शिवणकामाची लाज जाते, तिथं फी वसूल होते. जिथं ती लाज वाढते, तिथं पैसेही जातात आणि हातातलं कौशल्यही जातं.

म्हणून माझं आईबापांना सांगणं आहे. प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मशीनची खोली दाखवा म्हणा. मशीन किती, चालू किती, एका मुलीच्या वाट्याला किती वेळ, ते मोजा. पदवी कुठल्या विद्यापीठाची, हे कागदावर बघा. पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला किंवा कायद्यानं तसा अधिकार दिलेल्या निफ्टसारख्या संस्थेलाच आहे, भाड्याच्या मजल्यावरच्या संस्थेला नाही. पदविका असेल तर ती तंत्रशिक्षण मंडळाची आहे का, ते विचारा. शोचा, सहलीचा, साहित्याचा खर्च वेगळा किती, ते लिहून मागा. मागच्या वर्षीच्या दोन मुलींचे नंबर घ्या आणि त्यांच्याशी स्वतः बोला. शासकीय तंत्रनिकेतन किंवा आयटीआयला नंबर लागत असेल तर आधी तिथं शिकवा, पुढची वाट तिथूनही निघते. आणि मुलगी घरी मशीनवर बसत असेल तर तिला उठवू नका. तिनं शिवलेल्या पहिल्या ब्लाऊजचे पैसे तिच्या हातात द्या.